रुखमाबाईचं बोळकं

लकडगंजात लाकूड कापायच्या आरामशिनी सुरू झाल्या की माणसाला साधं बोलायचं तरी ओरडावं लागतं. देवराव भुजाडे यांनी त्यावर उपाय म्हणून बोलणंच सोडून दिलं होतं, आणि त्यांच्या वाटचं बोलणं त्यांच्या बायकोनं, रुखमाबाईनं, स्वतःच्या अंगावर घेतलं होतं. रस्त्याच्या कडेला दोघांची भट्टी होती. आरामशिनीतला भुसा भट्टीत जळायचा, वर कढईत रेती तापायची आणि रेतीत चणे फुटायचे. देवराव झारा फिरवायचे. पुड्या बांधणं, गिऱ्हाईकाला बोलावणं, गिऱ्हाईकाशी भांडणं आणि भांडलेल्या गिऱ्हाईकाला परत बोलावणं ही सगळी कामं रुखमाबाईची.

तिच्या तोंडात दात होते तेव्हा तिला फुटाण्यांची तारीफ करावी लागत नसे. गिऱ्हाईकासमोर ती एक फुटाणा तोंडात टाकायची आणि कडकन फोडायची. तो आवाज ऐकून माणूस पुडी घेऊन जायचा. पण तंबाखूची मिसरी लावता लावता तिच्या हिरड्या सुटल्या आणि पन्नाशीच्या अलीकडेच दात हलायला लागले. हलला की ती दोरा बांधायची, ओढायची आणि दात भट्टीत टाकून कामाला लागायची. शेवटी समोरचा एकच उरला होता. तोही एका दिवाळीत, मऊ अनारशात रुतून निघाला.

त्यानंतर तिच्या बोलण्यातली धारच गेली. 'स'चा 'श' झाला. कोणाला 'फोकनीच्या' म्हणायला जावं तर तोंडातून 'होकनीच्या' निघायचं, आणि ज्याला शिवी दिली तोच पोट धरून हसायचा. हे कमी होतं म्हणून रस्त्याच्या पलीकडून सिंधूताईनं तिला नाव ठेवलं, 'बोळकेबाई'. सिंधूताईचं मुरमुऱ्या-लाह्यांचं दुकान होतं. रुखमाबाईच्या भट्टीच्या धुरानं तिचे पांढरे मुरमुरे काळे होतात यावरून दोघींत आधीपासूनच धुसफूस होती. पण त्या दिवशी सिंधूताई भर रस्त्यात, लाकडाच्या गाड्या उतरवणाऱ्या हमालांच्या देखत म्हणाली, "अवं बोळकेबाई, तुमचा धूर आवरा जरा." संध्याकाळपर्यंत ते नाव साऱ्या लकडगंजात पोचलं. दोघींचं बोलणं त्या दिवसापासून बंद झालं. नाव मात्र सुरूच राहिलं.

बहात्तरच्या दुष्काळानंतर चणे पुन्हा जरा आवाक्यात आले होते, त्या हिवाळ्यातली ही गोष्ट. एक चष्मेवाली मुलगी फुटाणे घ्यायला थांबली. रुखमाबाई तेव्हा एका हमालाच्या थट्टेवर डोकं मागे टाकून हसत होती. मुलगी पुडी हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"मावशी, अजून एकदा हसा बरं."

"काहून? तमाशा हाये का इथं?"

"तसं नाही मावशी. तुमचा एकही दात नाही ना? दाढसुद्धा नाही?"

रुखमाबाईला वाटलं, ही पोट्टी सिंधूताईनंच पाठवली. तिनं पुडी परत मागितली. मुलीनं घाईघाईनं सगळं सांगून टाकलं. तिचं नाव प्रेमलता. पारशिवनीकडची, शेतकऱ्याच्या घरची. दातांच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. उन्हाळ्याच्या तोंडावर परीक्षा होती, त्यात पेशंटसाठी पूर्ण दात बनवून दाखवायचे होते, आणि पेशंट ज्याचा त्यानं शोधून आणायचा होता.

"ज्याच्या तोंडात एकही दात नाही असाच माणूस पायजे. म्हातारे भेटतात, पण कुठंतरी एखादी दाढ लपून असतेच. मी दोन महिन्यापासून लोकांच्या तोंडाकडे पाहून राहिली, मावशी. बसमध्ये, बाजारात, लग्नात. लोकं मले येडी समजून राहिले."

"म्हणजे परीक्षा माह्या तोंडाची?"

"परीक्षा माझी. तोंड तुमचं. दात बनले की ते बी तुमचेच, फुकट."

रुखमाबाईनं देवरावांकडे पाहिलं. देवरावांनी झारा थांबवला. तो दिवस बोलण्याचा असावा.

"जाय," ते म्हणाले. "तिथं तोंड उघडं ठेवून गप बसा लागते म्हणे. एखादा दिस जमते का ते पाय."

पहिल्याच खेपेला कॉलेजात काहीतरी निराळंच घडलं. प्रेमलतानं तिला खुर्चीत बसवलं, तोंडात आरसा घातला, आणि मागून तिचे सर आले. त्यांनी वाकून पाहिलं, बोटानं हिरडी चाचपली, पुन्हा पाहिलं आणि इकडेतिकडे विखुरलेल्या साऱ्या मुलांना हाक मारली.

"इकडे या सगळे. असा जबडा वर्षातून एखादाच येतो. बघा, किती उंच, किती गोल. कुठे धार नाही, कुठे खड्डा नाही. पुस्तकातल्या चित्रासारखा."

पांढऱ्या कोटातली मुलंमुली एकामागून एक वाकून पाहू लागली. रुखमाबाई तोंड उघडून छताकडे पाहत होती. तिच्या रंगाबद्दल, उंचीबद्दल, नाकाबद्दल आयुष्यात लोक पुष्कळ बोलले होते. सासरी तर पाहायला आलेल्या बायकांनी तिच्या पायांच्या बोटांनाही सोडलं नव्हतं. पण तुझं अमुक सुंदर आहे असं कोणी कधी म्हटलं नव्हतं. त्या संध्याकाळी घरी आल्यावर ती आरसा घेऊन दारात, उजेडात बसली आणि ओठ वर करून बराच वेळ आपल्या हिरड्या पाहत राहिली. देवराव बाजूनं गेले, तर त्यांना म्हणाली, "पाहता काय? डॉक्टर लोकं लायनीत लागून पाहून गेले."

मग फेऱ्या सुरू झाल्या. प्रेमलता तिला रिक्षानं नेई, रिक्षानं आणून सोडी. सरावासाठी माप घेई. रुखमाबाईला त्या गोष्टीची गोडीच लागली. भट्टीवर कोणी मोठं गिऱ्हाईक आलं की ती मुद्दाम म्हणे, "लवकर बोला, मले कॉलेजात जा लागते."

पण तिची ही कीर्ती कॉलेजात फार पसरली आणि त्यातूनच घोळ झाला. प्रेमलताच्याच वर्गात मधुसूदन नावाचा मुलगा होता. धरमपेठेतला, वडील डॉक्टर, फिरायला स्कूटर. त्यानं हेरून ठेवलेला म्हातारा पेशंट ऐन वेळी लेकीकडे रायपूरला निघून गेला, आणि लेक त्याला परत पाठवेना. एका दुपारी मधुसूदन संत्रा बर्फीचा डबा घेऊन भट्टीवर उभा राहिला.

"मावशी, ही मऊ आहे. चावावी लागत नाही."

रुखमाबाईनं एक तुकडा जिभेवर ठेवला. जिभेवर ठेवल्यावर माणसाला हाकलणं कठीण जातं. मधुसूदननं आपली कहाणी सांगितली. बोलता बोलता तो भुशाच्या पोत्यावर बसला, चांगली पँट घालून.

"पेशंट मिळाला नाही तर वर्ष जाईल मावशी. बाबांना काय सांगू? दातांच्या कॉलेजात असून बिनदाताचं माणूस सापडत नाही, असं सांगू?"

"पण म्या त्या पोरीले शब्द देला ना, बाप्पा."

"माहीत आहे मला."

तो उठेना. रुखमाबाईनं विचार केला. तिच्या हिशेबानं तोंड एक असलं तरी जबडे दोन होते.

"मंग एक काम कर. वरचे दात तू बनव, खालचे तिले बनवू दे."

मधुसूदन हसला, पण रडण्याच्या बेतात असलेला माणूस हसतो तसा. वरचे आणि खालचे दात एकाच हातचे लागतात, एकमेकांवर बसावे लागतात, असं त्यानं तिला समजावून सांगितलं. रुखमाबाईला ते पटलं. तिनं आणि देवरावांनीही एकमेकांवर बसायला, म्हणजे पटायला, बरीच वर्षं घेतली होती. ती म्हणाली, "पाहू. कायतरी करू." नाही म्हणायचं तिच्या जिवावर आलं होतं. आयुष्यात तिच्याकडे कोणी दुसऱ्यांदा काही मागायला आलं नव्हतं, आणि इथं एका तोंडासाठी दोन दोन डॉक्टर.

मधुसूदननं 'पाहू' याचा अर्थ 'हो' असा घेतला आणि कॉलेजात तसं सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी प्रेमलता आली. घरून आणलेल्या तुरीच्या शेंगा मीठ घालून उकडून तिनं पिशवीत आणल्या होत्या. पिशवी तिनं रुखमाबाईच्या हातात दिली आणि शेजारी बसली. आवाज चढवला नाही.

"मावशी, तुम्ही त्याले हो म्हटलं?"

"हो नाही म्हटलं. नाही बी नाही म्हटलं."

"मंग माझं काय?"

"तुहंच हाये वं. म्या तुले शब्द देला, तो देला. पण त्या पोट्ट्याचं बी वर्ष जाते ना."

"त्याच्या घरी गाडी हाये, ओळखी हायेत. तो शोधून घेईन दुसरा कोणी."

"गाडीनं तोंड भेटते तं रायपूरवाला पळून गेला काहून?"

प्रेमलता चष्मा काढून पुसत राहिली. रुखमाबाईनं एक शेंग सोलली, दाणे जिभेनं टाळूवर चुरडले आणि समोर रस्त्याकडे पाहिलं. रस्त्यापलीकडे सिंधूताई गिऱ्हाईकाशी बोलत होती. पदर तोंडाशी धरून.

इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे. सिंधूताई पदर तोंडाशी धरून बोलायला लागली, त्याला आता दोन दिवाळ्या उलटल्या होत्या. लोकांना वाटे, वय झालं, बाई मर्यादेनं वागू लागली. रुखमाबाईला तसं वाटलं नव्हतं. समोरासमोर दुकान. ती रोज पाहत होती की सिंधूताई दुपारी पोळी वरणात बुडवून ठेवते, पाठ फिरवून जेवते, आणि तिनं हसणं सोडून दिलं आहे. पेरू कापून विकणारा दारावरून गेला की मान वळवते. रुखमाबाईला त्या पदराआडचं सगळं कळलं होतं. आणि तरी तिनं ते कोणाला सांगितलं नव्हतं, देवरावांनाही नाही. त्यामागे काही मोठेपणा नव्हता. 'बोळकेबाई'चा बदला घ्यायला तिला चांगला प्रसंग हवा होता. एखादं लग्न, हळदीकुंकू, सगळी वस्ती जमलेली, आणि त्यात मोठ्यानं एकच वाक्य. ते वाक्य तिनं तयार करून ठेवलं होतं. रात्री झोप आली नाही की ती ते घोळवून पाही.

आता ती शेंगा खात समोर पाहत होती, आणि ते वाक्य तिला वापरता येणार नाही हे तिच्या लक्षात येत होतं. तिला त्याचं वाईट वाटलं. चांगलं वाक्य होतं.

संध्याकाळी भट्टी विझल्यावर तिनं फुटाण्यांचं पीठ घेतलं, त्यात गूळ आणि थोडं तूप कालवलं. गेली काही वर्षं ती स्वतः फुटाणे असेच खात होती. वाटीवर झाकण ठेवून तिनं रस्ता ओलांडला. देवराव झारा घासता घासता थांबले आणि पाहतच राहिले.

सिंधूताई दुकान आवरत होती. रुखमाबाईला पाहून तिनं पदर वर ओढला.

"काय काम हाये?" पदरामागून आवाज आला.

"हे खाय. चावा लागत नाही."

सिंधूताईनं वाटीकडे पाहिलं, मग रुखमाबाईकडे. 

"कधीपासून ठाऊक हाये तुले?"

"झाल्या दोन दिवाळ्या."

"मंग बोलली काहून नाही?"

"मोका पाहून राहिली होती."

सिंधूताईनं पदर सोडला. खरोखर एकही दात नव्हता. तिनं बोटानं पीठ उचलून तोंडात टाकलं, घोळवलं, गिळलं.

"गूळ कमी हाये," ती म्हणाली.

मग रुखमाबाईनं पोत्यावर बसून तिला सगळं सांगितलं. परीक्षा, पोट्टी, पोट्टा, रायपूर. सिंधूताईनं आधी साफ नाही म्हटलं. परक्या पोरासमोर तोंड उघडणार नाही म्हणाली. रुखमाबाई म्हणाली, "दात आले की पदर काढशीन. मरेपर्यंत पाठ वळवून जेवणार काय?" सिंधूताईनं बोटानं वाटी पुसून घेतली आणि विचारलं, "पोरगं हाताचं हलकं हाये का?"

दुसऱ्या दिवशीपासून दोघी एका रिक्षात बसून निघू लागल्या. लकडगंजातली माणसं काम थांबवून पाहत.

कॉलेजात दोघींच्या खुर्च्या शेजारी शेजारी होत्या. पहिल्या दिवशी मापं घ्यायची होती. लवंगेच्या तेलाचा वास येणारा गुलाबी लेप भांड्यासारख्या साच्यात भरून तोंडात दाबायचा, आणि तो घट्ट होईपर्यंत हलायचं नाही, बोलायचं नाही. दोघींच्या तोंडात एकाच वेळी साचे गेले. इतकी वर्षं न बोललेलं सगळं ओठांशी आलेलं, आणि दोघींची तोंडं बंद. सिंधूताईनं डोळे वळवून रुखमाबाईकडे पाहिलं. रुखमाबाईनं भुवया उडवल्या. तेवढ्यानं सिंधूताईला हसू फुटलं, पोट हलायला लागलं, आणि मधुसूदनचं माप बिघडलं. त्यानं दुसरं घेतलं. या खेपेला तिला उबळ आली आणि तिनं त्याचा नवा पांढरा कोट खराब केला. मधुसूदन पांढराफटक पडला. सिंधूताई घाबरून म्हणाली, "बेटा, मी धुऊन देईन." तो म्हणाला, "कोट राहू द्या हो मावशी, तुम्ही परीक्षेला नक्की या, एवढंच करा." तिथून पुढे तिला तो पोटच्या पोरासारखा झाला. घरून ती त्याच्यासाठी मुरमुऱ्याचे लाडू आणू लागली, आणि तो ते प्रेमलताला देऊ लागला, कारण त्याला गुळानं दात किडतील अशी भीती वाटे.

प्रेमलतानं ते लाडू घेतले. आधी रागावून, मग नुसतेच.

परीक्षेच्या दिवशी बाहेरगावाहून परीक्षक आले होते. जाड, घामेजलेले, फार न बोलणारे. गुलाबी मेणात नवे दात रोवून दोघींच्या तोंडात बसवलेले होते. पक्के करण्याआधी पेशंटकडून बोलवून पाहायचं असतं, दात जागेवर आहेत की नाहीत हे 'स'वरून कळतं. परीक्षक आधी प्रेमलताच्या खुर्चीपाशी आले.

"बाई, साठपासून सत्तरपर्यंत आकडे म्हणा."

 हे प्रेमलतानं रुखमाबाईकडून म्हणवून घेतलंच नव्हतं. रुखमाबाईचा सारा हिशेब विसांचा.

"तीन इसा," रुखमाबाई म्हणाली.

"त्याच्या पुढे?"

"पुढं चार इसा."

परीक्षकांनी पेन खाली केलं. "बरं, आकडे राहू द्या. 'स' येईल असं काहीही बोला."

 इतक्या लोकांत, इतक्या शांततेत बोलायची रुखमाबाईला सवय नव्हती. इथं आरामशीन नव्हती. तिची नजर शेजारी गेली. सिंधूताई खुर्चीच्या टोकाला सरकत चालली होती, घाबरून, पदर पुन्हा तोंडाशी.

"सिंधे, सरळ बस," रुखमाबाई म्हणाली. "सासरी आल्यासारखी सरकून सरकून काहून बसून राहिली?"

एकेक 'स' करवतीच्या दातासारखा स्वच्छ निघाला. तिचं तिलाच ऐकून नवल वाटलं. सिंधूताईनं पदर खाली केला आणि मेणातले दात दाखवून म्हणाली, "मोठी सांगते सगळ्यायले. स्वतःचं सांभाळ." तिचेही 'स' बरोबर निघाले. परीक्षकांनी दोन्ही कागदांवर काहीतरी लिहिलं. त्यांच्या पोटावरची बटणं हलत होती.

प्रेमलता पास झाली. मधुसूदनही झाला, जरा कमी गुणांनी, कारण सिंधूताईची खालची हिरडी सपाट होती. याची आठवण पुढे रुखमाबाई तिला अधूनमधून करून देई.

दात हातात आल्यावर मात्र खरे हाल सुरू झाले. पहिले पंधरा दिवस रुखमाबाईला वाटे, कोणाचं तरी भांडं आपल्या तोंडात राहून गेलं आहे. हिरडीला फोड आले. बोलताना खालचे दात उडत, जेवताना वरचे लोंबकळत. एकदा एकाची पुडी बांधता बांधता दुसऱ्याला जोरात हाक मारायला गेली आणि सगळी कवळी पुडीत पडली. गिऱ्हाईकानं पुडी उघडून पाहिली आणि पैसे परत न मागता निघून गेलं. देवरावांना त्या पंधरा दिवसांत घरात शांतता म्हणजे काय ते कळलं, आणि ती आपल्याला फारशी आवडत नाही हेही कळलं. एक दिवस तेच म्हणाले, "त्या पोरीले दाखव ना जाऊन." प्रेमलतानं कवळी दोन जागी घासून दिली. मग हळूहळू ती तोंडात रुळली.

निखाऱ्यावरचे कडक रोडगे खाता आले, भाजलेले भुट्टे आले, मटणही आलं. फक्त फुटाणा जमेना. त्याचा बारीक कण कवळीखाली शिरायचा आणि हिरडीत असा रुतायचा की डोळ्यांतून पाणी यायचं. साऱ्या लकडगंजाला फुटाणे विकणारी बाई स्वतः मात्र पीठच खात राहिली.

दहा-अकरा वर्षं गेली. प्रेमलतानं शिकवणं, पुढचं शिक्षण सगळं करून लकडगंजापासून जवळच स्वतःचा दवाखाना टाकला. लग्न तिनं मधुसूदनशी केलं नाही. लोकांना तसं वाटलं होतं, सिंधूताईला तर फारच. मधुसूदन भिलाईला गेला. सणासुदीला त्याचं कार्ड दोघी मावशींना येई.

मुंबईच्या एका परिषदेहून परतल्यावर प्रेमलता एकदा भट्टीवर आली आणि म्हणाली, "मावशी, आता एक नवीन निघालं. जबड्याच्या हाडात धातूचा स्क्रू बसवतात. हाड त्याले धरून घेते, आणि त्याच्यावर दात. काढा लागत नाही, हलत नाही. फुटाणेसुद्धा खाता येतात."

रुखमाबाईनं हातातलं माप खाली ठेवलं. "आत्ताच चाल."

एक्स-रे काढला. प्रेमलता तो उजेडाकडे धरून उभी राहिली. कवळीच्या दाबाखाली इतक्या वर्षांत हाड झिजून गेलं होतं. ज्या जबड्यासाठी अख्खा वर्ग गोळा झाला होता, तो आता बोटभरही उरला नव्हता.

"नाही जमत मावशी. स्क्रू धरायले हाडच नाही."

रुखमाबाई थोडा वेळ त्या काळ्या फिल्मकडे पाहत बसली. "एवढं चांगलं होतं," ती म्हणाली.

प्रेमलतानं तिचा हात धरला. पण रुखमाबाईचं डोकं पुढे गेलं होतं. "तुले पहिला पेशंट पायजे असन ना? ह्या नव्या कामाले?"

"पायजे तं हाये. कोणी तयार होऊन नाही राहिलं. हाडात स्क्रू म्हटलं की लोकं पळतात."

"आमच्या ह्यायची एक दाढ नाही. खालची. हाड बैलासारखं हाये."

देवरावांना विचारलं गेलं नाही. त्यांना रिक्षात बसवल्यावर सांगण्यात आलं. खुर्चीत पडल्यावर त्यांनी बायकोकडे पाहिलं आणि सुई टोचेपर्यंत तिचं मनगट सोडलं नाही. मशीन सुरू झाली तेव्हा त्यांनी डोळे मिटले. रुखमाबाई म्हणाली, "आरामशिनीसारखाच आवाज हाये. आपल्या घरीच हाये असं समजा." बाहेर आल्यावर ते गालाला हात लावून म्हणाले, "एवढं दुखत नाही, जेवढं तुम्ही दोघी सांगून राहिल्या होत्या." दोघींपैकी कोणीच दुखण्याबद्दल काही सांगितलं नव्हतं.

स्क्रू हाडात रुजायला काही महिने लागले. मग त्यावर दाढ बसली, आणि पक्की बसली. देवराव तोवर साठीच्या पुढे गेले होते. त्या दाढेनं त्यांच्यात एक बदल झाला. त्यांना बोलायला विषय मिळाला. कोणी गिऱ्हाईक उभं राहिलं की झारा थांबवून ते तोंड उघडत आणि बोटानं दाखवत, "हे पाय गा. हाडात हाये. ओढून पाय." गिऱ्हाईक ओढायला तयार नसे. ते आग्रह करत.

रुखमाबाईला याचा आधी राग आला. बोलायचं काम तिचं होतं. मग तिनं ते आपल्या पद्धतीनं वापरून घेतलं. ज्याला दाढ दाखवून झाली, त्याला ती विचारी, "तुमचं कोणतं दुखते?" आणि भट्टीपाशीच, जाळाच्या उजेडात, त्याचं तोंड उघडून पाही. लाकडाच्या एका व्यापाऱ्याची बायको किडलेल्या दाढेनं गाल सुजवून बसली होती, पण दवाखान्याचं नाव काढलं की रडायची. रुखमाबाईनं तिला प्रेमलताच्या दवाखान्यात न्यायला रिक्षात घातलं, एका बाजूला स्वतः बसली, दुसऱ्या बाजूला सिंधूताईला बसवलं. रिक्षावाला म्हणाला, तिघी जमणार नाहीत. त्यावर दोघींनी मिळून त्याला जे सुनावलं, त्यात एकही अक्षर चुकलं नाही, आणि रिक्षा निघाली.